अकरा माणसं, सात रात्री आणि एक टेबल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सात रात्रींची क्रूझ आहे आणि घरची अकरा माणसं निघाली आहेत. सर्वांत धाकटं पिल्लू साडेतीन वर्षांचं, सर्वांत थोरल्या सासूबाई, त्यांना प्रवासातच पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत. मधल्या दोन मुलांना वेषभूषेची हौस आहे आणि मोठीला, म्हणजे चौदा वर्षांच्या पुतणीला, सगळंच 'बोअर' होतं. जहाजावरची थीम डिनर आणि शोवाली जेवणं आत्ताच सगळी बुक करून टाकावीत का, की तिथं जाऊन ठरवावं?

मी चौदा वर्षं जहाजांच्या डायनिंग रूममध्ये काढली. आधी असिस्टंट वेटर होतो, मग वेटर, शेवटी हेड वेटर. आता किनाऱ्यावर बसून कुटुंबांच्या सहली आखून देतो. सगळं बुक करू नका, हे आधीच सांगून टाकतो. सातपैकी दोन, फार तर तीन रात्री ठरवून साजऱ्या करा. बाकीच्या रात्री मुख्य डायनिंग रूममधल्या आपल्या नेमलेल्या टेबलावर, आपल्या नेमलेल्या वेटरच्या हवाली करा. मी वेटर होतो म्हणून वेटरची बाजू घेतोय, असं वाटेल. तसं थोडं आहेही. पण तिसऱ्या रात्री पिल्लू खुर्चीत बसायच्या आत त्याच्यासमोर कापलेली फळं आलेली असतात, सासूबाईंना गरम पाणी लागतं हे कोणाला सांगावं लागत नाही, आणि अबोल पुतणीला तो एक काड्यांचं कोडं घालून जातो. हे जहाजावरच्या कुठल्याही स्पेशालिटी, म्हणजे जादा पैसे घेणाऱ्या, रेस्टॉरंटमध्ये मिळत नाही. तिथं तुम्ही रोजचेच नवे पाहुणे असता. ज्या कुटुंबांनी सातपैकी पाच रात्री अशा रेस्टॉरंटांत बुक केल्या, त्यांचा वेटर सहाव्या रात्री त्यांची नावं विचारत होता. असं मी कितीदा पाहिलंय.

बुकिंगच्या आधी एक कागद घ्या आणि सात ओळी आखा. प्रत्येक ओळीत जहाज बंदरात किती वाजता लागणार, किती वाजता सुटणार, की दिवसभर समुद्रातच असणार, एवढंच लिहा. जेवणाचा बेत या कागदावरून ठरतो, मेनूवरून नाही. बंदरात दिवसभर उन्हात फिरून आलेली मुलं संध्याकाळी सात वाजता टेबलावर डोकं टेकून झोपतात. त्या रात्री दोन तासांचं शो डिनर ठेवलंत, तर तो शो तुम्ही एका हाताने जेवत आणि दुसऱ्या हाताने मूल धरत बघाल. पहिली रात्र कशासाठीच धरू नका. त्या दिवशी मोठ्या बॅगा केबिनपर्यंत कधी पोचतील याचा नेम नसतो, त्यामुळे वेषभूषा सोडाच, बदलायचे कपडेही हातातल्या पिशवीत असलेले बरे. शेवटची रात्र बॅगा भरण्याची. मधल्या पाच उरतात, त्यांतल्या समुद्रातल्या दिवसांवर आधी बोट ठेवा.

ठेवणीतल्या कपड्यांची रात्र, म्हणजे फॉर्मल नाइट, बहुतेक कंपन्या समुद्रातल्या दिवशीच ठेवतात. सात रात्रींच्या सफरीत साधारण दोन असतात. नटायला सगळ्यांना वेळ मिळतो, हे त्याचं साधं कारण. पण त्याच दिवशी जहाज किनाऱ्यापासून दूर, खुल्या पाण्यात असतं आणि डोलतंही जास्त. पुष्कळ जहाजांवर मुख्य डायनिंग रूम खालच्या मजल्यांवर पण अगदी मागच्या टोकाला असते. खालचा मजला चांगला, मागचं टोक नाही, कारण जहाज पुढेमागे झुलतं तेव्हा ते सर्वांत जास्त टोकांनाच जाणवतं. शिवाय मागे इंजिनाची थरथर असते. घरात कोणाला गाडी लागत असेल, तर त्याच हॉलमध्ये जहाजाच्या मध्याकडच्या बाजूचं टेबल मागा. मागच्या मोठ्या खिडकीजवळचं सुंदर टेबल दुसऱ्या कोणाला मिळू द्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा, आणि ती डोलणं सुरू होण्याआधी घ्यायची असते, सूप समोर आल्यावर नाही.

आता वेळ. नेमलेल्या वेळेच्या पद्धतीत दोन पंगती असतात. पहिली साधारण साडेपाच ते सव्वासहाच्या दरम्यान, दुसरी आठ ते साडेआठच्या. रंगमंचावरचा शोही या दोन पंगतींना धरून दोनदा होतो. पहिल्या पंगतीवाल्यांना जेवल्यावर आणि दुसरीवाल्यांना सहसा जेवणाआधी. लहान मूल असलेले बहुतेक लोक डोळे मिटून पहिली पंगत घेतात. साडेतीन वर्षांच्या बाळासाठी मीही तेच सांगेन, पण दुसरी बाजूही ऐका. दुसऱ्या पंगतीत मूल ताजंतवानं असताना शो बघून होतो आणि नंतर जेवताना त्याला मुलांच्या क्लबात, म्हणजे जहाजावर मुलांना खेळवत सांभाळतात तिथं, पाठवता येतं. डिस्नेच्या जहाजांवर दुसऱ्या पंगतीतल्या मुलांना आधी वाढतात आणि मग क्लबचे कर्मचारी त्यांना टेबलाजवळून घेऊन जातात. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीकडे मुलांचं जेवण साधारण चाळीस मिनिटांत उरकून त्यांना क्लबात नेण्याची सोय आहे. मात्र क्लबचं वय साधारण तीनपासून सुरू होतं आणि मूल डायपरमध्ये असेल तर सहसा घेत नाहीत. तुमचं पिल्लू तिथं रुळतं की नाही, हे दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा तास ठेवून बघा. पहिल्यांदाच रात्री नेऊन सोडलंत तर निम्म्या जेवणात फोन येईल.

दुसरी पद्धत म्हणजे केव्हाही या, कुठेही बसा. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने २००० च्या सुमारास हीच आपली ओळख केली आणि मग इतरांनीही आपापल्या नावाने तशी सोय ठेवली. दोघांना ती छान आहे. अकरांना नाही. अकरा खुर्च्या एकत्र मोकळ्या होईपर्यंत तुम्ही दाराशी उभे राहाल, आणि आजींना उभं ठेवून कोणाची मनःस्थिती चांगली राहत नाही. घ्यायचीच असेल तर रोजची एकच वेळ आधी राखून ठेवा आणि त्याच वेटरच्या विभागात बसवा म्हणून सांगा. बहुधा बसवतात. मजा म्हणजे रॉयल कॅरिबियनने २०१४ मध्ये 'क्वांटम ऑफ द सीज' आणलं तेव्हा मोठा डायनिंग हॉलच काढून टाकून त्या जागी वेगवेगळ्या धाटणीची रेस्टॉरंटं दिली होती. प्रवाशांना दर रात्रीची ती आखणी जाचक वाटली आणि कंपनी पुढे जुन्या पद्धतीकडे वळली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं नाही, ते घरातल्या एका माणसाने एक्सेलच्या तक्त्यात जमवायचा हट्ट धरू नये.

टेबलाचं काम मात्र आत्ताच करायचं. तुमची चार केबिन म्हणजे कंपनीच्या लेखी चार अनोळखी बुकिंग. एजंटला सांगून ती एकमेकांना जोडून घ्या आणि चारही बुकिंगवर पंगतीची वेळ एकच आहे ना, हे स्वतः तपासा. मी दारावर उभा असताना पहिल्या रात्री सर्वांत जास्त रडारड याच गोष्टीवरून व्हायची. आजी पहिल्या पंगतीत, नातवंडं दुसऱ्या. जहाजावर चढल्याचढल्या सगळे बुफेकडे धावतात, तेव्हा तुमच्यातल्या एकाने डायनिंग रूमकडे जावं. त्या दुपारी हेड वेटर किंवा त्यांचा वरिष्ठ टेबलांच्या अदलाबदलीसाठीच बसलेला असतो. अकरांचं एक टेबल बहुधा मिळेल. मला विचाराल तर सहा आणि पाच अशी दोन शेजारची टेबलं जास्त सुखाची. अकराच्या टेबलावर दोन टोकांना एकमेकांचं ऐकू येत नाही, मधले दोघं निरोप्याचं काम करतात, आणि अकरा ऑर्डरी एकदम निघाल्या की वाढायला वेळ लागतो. दोन टेबलं असली की रोज जागा बदलता येतात. पुतणीला एक रात्र आजीशेजारी बसवा आणि आईपासून लांब. ती बोलते की नाही बघा.

वेटरला पहिल्याच रात्री तीन गोष्टी सांगा. मुलांचं मुख्य जेवण मोठ्यांच्या स्टार्टरबरोबरच आणा. आज आम्हाला इतक्या वाजता उठायचंय. आणि ॲलर्जी. यातली ॲलर्जी खरं तर तिथं जाऊन सांगायची गोष्टच नाही. ती बुकिंगवर लिहून घ्यायची, निघण्याच्या काही आठवडे आधी, आणि चढल्यावर हेड वेटरला पुन्हा तोंडी. मग तो दर रात्री उद्याचा मेनू आणून दाखवतो, तुम्ही निवडता आणि स्वयंपाकघरात ते वेगळं बनतं. ही सोय मुख्य डायनिंग रूममध्ये जितकी चोख चालते तितकी बुफेमध्ये चालत नाही, कारण तिथं एका भांड्यातला डाव दुसऱ्या भांड्यात जातोच. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर बुफेपासून लांबच राहा. वेगळं पथ्य असणाऱ्यांनीही हाच मार्ग धरावा. मोठ्यांनी मुलांच्या मेनूतलं मागितलं, मुलाने मोठ्यांचं मागितलं किंवा एकाने दोन स्टार्टर घेतले, तरी चालतं. मुख्य पदार्थ मात्र काही कंपन्या ठरावीक संख्येपर्यंतच फुकट देतात, त्यापुढे पैसे लावतात.

आता थीमकडे. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

पहिली म्हणजे खोलीच थीमची. यात डिस्नेचा हातखंडा. १९९८ मध्ये त्यांचं पहिलं जहाज आलं तेव्हापासून पद्धत अशी आहे की प्रवासी दर रात्री वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जातो आणि त्याचे वेटर त्याच्याबरोबर फिरतात. म्हणजे रोज नवी जागा आणि तरी ओळखीचा माणूस. इतकी साधी युक्ती, पण याहून चांगली मला कुठे दिसली नाही. त्यांच्या 'ॲनिमेटर्स पॅलेट' या रेस्टॉरंटमध्ये जुन्या जहाजांवर खोली काळ्या-पांढऱ्या रंगात सुरू होते आणि जेवण पुढे सरकेल तशी रंगत जाते. 'डिस्ने फँटसी' जहाजावर तुम्ही कागदावर काढलेलं माणसाचं चित्र शेवटी पडद्यावर नाचतं. २०२२ च्या 'डिस्ने विश'वर 'आरेंडेल' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये मधोमध रंगमंच आहे आणि भोवती जेवण. इथं वेगळं काही बुक करावं लागत नाही, फक्त कोणती खोली कोणत्या रात्री हे बघून ठेवायचं, म्हणजे तिच्यावर दुसरं काही बुक होत नाही. चित्र काढायच्या रात्री उशिरा पोचू नका. कागद गोळा झाले की झाले, आणि मग सगळ्यांची चित्रं नाचताना आपल्या मुलाचं नाही, हे समजावून सांगता येत नाही.

दुसरी म्हणजे जहाजभर पाळली जाणारी रात्र: समुद्री चाच्यांची, पांढऱ्या कपड्यांची, एखाद्या दशकाची. तुमच्या मधल्या दोघांची हौस इथे भागेल. या रात्रींची यादी कंपनी आधी कळवते किंवा विचारल्यावर सांगते, पण तारखा हवामानामुळे बदलू शकतात, कारण खरी धमाल उघड्या डेकवर असते. जेवण त्या मानाने नेहमीचंच, फक्त मेनूचा कागद गुंडाळीसारखा येतो आणि वेटर डोक्याला रुमाल बांधतात. (तो रुमाल फार गरम होतो, आमच्यावर थोडी दया करा.) कपडे चुरगळणार नाहीत असे घ्या. केबिनमध्ये इस्त्री आणायला बंदी असते, आगीच्या भीतीने. काही जहाजांवर सामायिक लाँड्रीची खोली असते, पण फॉर्मल नाइटच्या संध्याकाळी तिथं इतकी रांग असते की लोक सूटच्या पँटसाठी भांडतात. खेळण्यातली तलवार, बंदूक घरीच ठेवा, तपासणीत काढून घेतात. चाचा तलवारीशिवायही होतो, एका डोळ्यावरची पट्टी पुरते. तोंड रंगवायचं असेल तर जेवणानंतर. आधी रंगवलं की तो रंग रुमालावर, टेबलक्लॉथवर आणि शेवटी सासूबाईंच्या साडीवर. बुटांचंही सांगतो. ओलसर डेकवर गुळगुळीत तळव्यांच्या वेषभूषेच्या चपला घालून मुलं घसरतात. कपडे हवे ते, पायांत मात्र रोजचे बूट.

तिसरी म्हणजे पैसे मोजून बघायचा जेवणाचा खेळ. यासाठीच आधी बुकिंग लागतं, कारण जागा थोड्या असतात आणि समुद्रातल्या दिवसांच्या वेळा सर्वांत आधी जातात. तव्याभोवती बसून शेफची कसरत बघायची तेप्पान्याकी मुलांना हमखास आवडते. पण एका तव्याभोवती साधारण आठच्या आसपास माणसं मावतात, म्हणजे तुमचे दोन गट होणार. लहानांना उंच स्टुलावर तासभर बसावं लागतं आणि समोर तापलेलं लोखंड असतं. साडेतीन वर्षांच्याला तिथं नेऊ नका. सेलिब्रिटी नावाच्या क्रूझ कंपनीच्या काही जहाजांवर छोटासा ॲनिमेटेड शेफ प्रोजेक्टरमधून तुमच्या ताटलीत उतरतो, तुमच्यासमोर पदार्थ रांधण्याचा खटाटोप करतो आणि मग खरा पदार्थ येतो. सहा ते दहा वर्षांची मुलं त्यावर खूश असतात. खुनाचं कोडं सोडवायची जेवणं मात्र कुटुंबासाठी मला फारशी पटत नाहीत. ती बहुधा इंग्रजीत आणि भरभर बोलली जातात, विनोद मोठ्यांचे असतात, आणि चमच्यांच्या आवाजात निम्मे संवाद हरवतात. पण तुमची पुतणी! तिला आणि तिच्या काकाला, दोघांनाच पाठवा. चौदा वर्षांच्या मुलीला खुनी ओळखायला मिळाला की तिचा 'बोअर' दोन दिवस गायब होतो. बुक करताना वयाची अट, किती वेळ चालतं आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, एवढं विचारून घ्या. आणि घड्याळ! जहाजाची वेळ आणि फोनमधली वेळ बंदरांगणिक वेगळी पडू शकते. रेस्टॉरंट जहाजाच्या वेळेवर चालतं. घरातल्या एकाच्या मनगटावर साधं, स्वतःहून न बदलणारं घड्याळ असू द्या.

आता आजींचा वाढदिवस. ही तुमच्या सहलीतली खरी थीम नाइट, आणि ती बाहेरच्या रेस्टॉरंटमध्ये नको. आपल्याच टेबलावर करा. मेणबत्त्या चालणार नाहीत. जहाजावर उघडी ज्योत नसते, उदबत्तीसुद्धा नाही. फुग्यांना बऱ्याच कंपन्यांची मनाई असते, विजेच्या माळांनाही. पण केबिनच्या भिंती बहुधा धातूच्या असतात आणि त्यांना लोहचुंबक चिकटतं. हे माहीत असलेले प्रवासी चुंबकांनी जुने फोटो लावतात. तुम्ही आजींच्या केबिनची एक भिंत त्यांच्या पंचाहत्तर वर्षांच्या फोटोंनी भरा, संध्याकाळी त्या तयार व्हायला जातील तेव्हा बघतील. केक निदान दोन दिवस आधी सांगा. त्या दिवशी सांगितलात तरी काहीतरी मिळेल, पण ते रोजच्या गोडाच्या यादीतलंच असेल.

वेटर मंडळी टाळ्या वाजवत गाणं म्हणतात, ते फुकट असतं आणि मुलांना फार आवडतं. पण आधी ज्याचा वाढदिवस त्याच्या स्वभावाचा विचार करा. एकदा मीच सहा जणांना घेऊन एका आजोबांभोवती गायला उभा राहिलो. गाणं संपेपर्यंत ते ताटाकडे बघत होते, आणि पुढच्या तीन रात्री बुफेत जेवले. त्यांच्या मुलाने हौसेने सांगितलं होतं आणि मी कोणालाच काही विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी आधी हळूच विचारून घेई. तुम्हीही हेड वेटरला स्पष्ट सांगा: गाणं हवं किंवा नको.

त्याऐवजी असं करता येईल. त्या दिवशी दुपारी मुलांना कोरे कागद द्या. जेवणात आजींसाठी मेनू त्यांनीच लिहायचा: आजी लहानपणी काय खायच्या, काय चोरून खायच्या, काय केलेलं फसलं होतं. रात्री एकेका पदार्थामागे एकेकाने वाचायचं. मी एका टेबलावर हे होताना पाहिलं आहे, शेजारच्या टेबलांनी बोलणं थांबवलं होतं. मोठ्यांनी फोनवर रेकॉर्ड करायचं तेवढं करावं, पण फोन टेबलाच्या मधोमध ठेवून नव्हे. फॉर्मल नाइटचे फोटो जेवणाआधी काढून घ्या. जेवल्यावर पिल्लाच्या शर्टवर काय असेल ते सांगता येत नाही.

एक कंटाळवाणी गोष्ट राहिली, हात धुणं. जहाजांवर पोटाचे आजार पसरवणारा नोरोव्हायरस दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, साबण-पाण्यालाच जुमानतो. बुफेचा चमचा शंभर हातांतून गेलेला असतो. म्हणून ताट वाढून घेतल्यावर, खायच्या आधी, पुन्हा धुवावेत. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची सीडीसी, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य संस्था, तपासणी करते आणि शंभरपैकी गुण देते, ८६ पासून वर म्हणजे उत्तीर्ण. तुमचं जहाज त्या यादीत असेल तर गुण बघून घ्या, सगळ्यांना बघता येतात.

तुमचा कागद मी असा भरला असता. पहिली रात्र साधी. समुद्रातल्या पहिल्या दिवशी फॉर्मल आणि फोटो. चाच्यांची रात्र कंपनी ठेवेल तेव्हा, आणि त्या दिवशी दुपारी सगळ्यांनी सक्तीने झोपायचं. वाढदिवस आपल्या टेबलावर. तेप्पान्याकी हवीच असेल तर दुपारची घ्या, काही जहाजांवर समुद्रातल्या दिवशी ती दुपारीही चालते. बाकी रात्री रिकाम्या. त्यांतल्या एका रात्री सगळे थकाल आणि केबिनमध्ये काहीतरी मागवून पलंगावर बसून खाल. मुलांना बहुधा तीच रात्र आठवेल, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

शेवटच्या रात्री वेटर निरोप घ्यायला येईल. टिप बिलात आधीच लागलेली असते की नाही ते बघून घ्या. वेगळं काही द्यायचं असेल तर त्याच रात्री द्या, कारण सकाळी तो दुसऱ्याच हॉलमध्ये नाश्ता वाढत असेल. त्याच रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, रात्री उशिरा त्या उचलून नेतात. सकाळचे कपडे आधी बाजूला काढा, मगच बॅगेची चेन ओढा. दर सफरीत एकतरी गृहस्थ सकाळी नाश्त्याला पायजम्यावर यायचे, वर कोट आणि खाली कालच्या चाच्यांच्या रात्रीचे पट्टे. आम्ही त्यांना कोपऱ्यातलं टेबल द्यायचो.